सबवूफरची घूंऽऽ काही केल्या जात नाही, शोधायचं कुठून?

मंद्रसप्तक

मंडळी, मदत हवी आहे.

हॉलमध्ये होम थिएटर आहे: एव्हीआर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा रिसीव्हर), पुढे दोन टॉवर, मधला सेंटर, मागे दोन लहान स्पीकर आणि दहा इंची पॉवर्ड सबवूफर. सब आधी टीव्हीच्या भिंतीलाच होता. फर्निचर हलवलं तेव्हा तो सोफ्यामागच्या कोपऱ्यात नेला, कारण तिथे ठेवला की बसायच्या सगळ्या जागांवर बेस सारखा लागतो. तेव्हापासून सतत घूंऽऽ. दिवसा रस्त्याच्या आवाजात कळत नाही, पण रात्री मैफिलीचं रेकॉर्डिंग लावलं की आलापाच्या मधल्या शांत जागा पार बिघडतात. माझ्यासाठी सगळी यंत्रणा त्या जागांसाठीच आहे.

मांडणी अशी: सबचा प्लग तीन पिनचा, सोफ्यामागच्या सॉकेटमध्ये. एव्हीआर दोन पिनचा. त्याला एचडीएमआयने पीसी (तीन पिन) आणि केबलवाल्याचा सेट-टॉप बॉक्स. हे सगळं टीव्हीखालच्या बोर्डावर. एव्हीआर ते सब आठ मीटर आरसीए केबल (आवाजाचा सिग्नल नेणारी), भिंतीच्या कडेने.

आवाज शून्य केला तरी घूं तेवढीच. एव्हीआर बंद केला तरी तेवढीच. सबचा ऑटो मोड तर कधी झोपतच नाही, त्याला वाटतं सिग्नल चालू आहे. केबल बदलू, की सब दुरुस्तीला देऊ?

जुना_रेडिओ

दुरुस्तीला आत्ताच नेऊ नका. आधी फुकटातली तपासणी.

सब चालू ठेवून त्याच्या मागची आरसीए उपटा. काहीही जोडलेलं नको. घूं थांबली तर सब ठणठणीत आहे, गडबड बाहेरून येते. थांबली नाही तर दोष सबच्या आत आहे, बहुधा पॉवर सप्लायमध्ये.

दुसरं, कान लावून ऐका. आवाज स्पीकरच्या शंकूतून येतो की मागच्या पत्र्यातून? ट्रान्सफॉर्मर स्वतःच थरथरत असेल तर शंकू गप्प असतो आणि पेटी गुणगुणते. तो वेगळा रोग, त्याला केबल बदलून काही होत नाही.

फुलपाखरू_उडाले

वाचतोय. आमच्याकडे पण आहे ही घूं. बायकोला वाटतं शेजाऱ्यांचा मिक्सर आहे, आणि शेजाऱ्यांना वाटतं आमचा आहे.

चक्रीवादळ

सोपं आहे हो. ग्राउंड लूप म्हणतात याला. सबच्या प्लगची अर्थची पिन काढा किंवा वीस रुपयांचा थ्री-टू-टू पिन अडॅप्टर लावा. माझ्याकडे वर्षानुवर्षं असंच चालू आहे. एका मिनिटात शांतता.

शुभ्रकमळ

चक्रीवादळ, कृपा करून हा सल्ला देऊ नका. हात जोडून सांगते.

माझ्या माहेरी वॉशिंग मशीनच्या प्लगची अर्थ पिन अशीच 'सॉकेटमध्ये जात नाही' म्हणून कोणीतरी कापली होती. मोटरच्या वायरचं इन्सुलेशन गेलं आणि पूर्ण पत्रा जिवंत झाला. ओल्या फरशीवर उभी राहून माझ्या वहिनीने दार उघडलं. ती वाचली, कारण धक्क्याने मागे फेकली गेली. सगळ्यांचं नशीब तसं नसतं.

सबवूफरलाही पत्रा आहे आणि तो पत्रा आरसीएच्या बाहेरच्या कड्याला जोडलेला आहे. म्हणजे आत काही सुटलं तर करंट केबलमधून एव्हीआरच्या पत्र्यावर येतो, तिथून एचडीएमआयने पीसीवर. घरातलं लहान मूल नेमकं कशाला हात लावेल ते सांगता येत नाही.

चक्रीवादळ

समजलं, पण माझ्या घरी आरसीसीबी आहे, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. तीस मिलिअँपिअरला पडतो. मग भीती कसली?

कातळशिल्प

शुभ्रकमळ यांना पूर्ण अनुमोदन. मी रत्नागिरीत वीजजोडणीचीच कामं करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अर्थ शाबूत असेल तर सबमध्ये दोष झाल्याक्षणी करंट अर्थच्या वायरने जातो आणि आरसीसीबी तिथेच पडतो. कोणी हात लावायच्या आधी. अर्थ कापलेली असेल तर पत्रा जिवंत होऊन तसाच वाट बघत राहतो. आरसीसीबी पडेल, पण तो पडायला लागणारा करंट ज्याच्या अंगातून जाईल तो माणूस असेल. आरसीसीबी अर्थच्या जोडीला लावायचा असतो, अर्थऐवजी नाही.

आता लूपबद्दल. सबला एका बोर्डावरून अर्थ मिळते आणि पीसीला दुसऱ्या. या दोन अर्थमध्ये थोडा फरक असतोच, काही मिलिव्होल्टपासून कधी एखाद्या व्होल्टपर्यंत. आरसीए केबलच्या बाहेरच्या धातूच्या जाळीने दोन्ही टोकं जोडली की त्या जाळीतून करंट वाहायला लागतो. आरसीएमध्ये सिग्नलची परतीची वाटही तीच जाळी असते. म्हणून जाळीवर पडलेलं व्होल्टेज सबला सिग्नलच वाटतं, आणि तो ते इमानदारीने वाढवून ऐकवतो. शिवाय सबचं कामच खालच्या पट्टीत आहे, त्यामुळे ५० हर्ट्झ त्याला सगळ्यात आधी ऐकू येतं.

म्हणजे लूप तोडायचा असेल तर सिग्नलच्या बाजूने तोडायचा. विजेच्या बाजूने कधीच नाही.

मंद्रसप्तक, आरसीए काढून काय झालं?

मंद्रसप्तक

सगळ्यांचे आभार. जुना_रेडिओ काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. आरसीए उपटली की एकदम शांत. पत्राही गुणगुणत नाही. म्हणजे सब बरा आहे.

स्वरलगाव

थोडं अवांतर, पण कामाचं. तुमची घूं कुठल्या स्वरात आहे ते ऐका.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ५० हर्ट्झ म्हणजे मंद्राच्याही खालची पांढरी पाच, जराशी चढी. एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून गेली की दुप्पट होते, १०० हर्ट्झ. तीही चढी पांढरी पाचच, एक सप्तक वर. पेटीवर पांढरी पाच धरा आणि जुळवून बघा. खालच्या सप्तकातली असेल तर केबल आणि अर्थकडे बघा, वरच्या सप्तकातली असेल तर पॉवर सप्लायकडे. माझ्या रियाझाच्या खोलीत फ्रीजचा आवाज यायचा तेव्हा तानपुरा पांढरी पाचेत लावला की तो आवाज त्यात विरघळून जायचा. काळी चारला बसलं की मात्र जीव नकोसा व्हायचा.

हडसनकाठ

वा स्वरलगाव! इकडे न्यूजर्सीत ६० हर्ट्झ. ते काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये पडतं. म्हणजे इथे कुठल्याही पट्टीत बसलं तरी फ्रीज बेसूरच.

फुलपाखरू_उडाले

आमची घूं पांढरी पाच आहे. पेटीवर वाजवून खात्री केली. आता बायको म्हणते मिक्सर सुरात आहे.

जुना_रेडिओ

स्वरलगाव यांची कसोटी चांगली आहे. त्यात एक भर. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप घेतलं तर १०० हर्ट्झचा खांब दिसेल, पण फोनचा माइक ५० ला कमजोर असतो, तिथे कानावरच भरवसा ठेवा. आणि घूं गोल, मऊ आहे की तिला खरखरीत धार आहे, तेही ऐका. धार म्हणजे वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले स्वर, भरपूर आहेत. दिव्याचा गोल फिरवायचा डिमर, चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर, किंवा अडॅप्टरांच्या फिल्टरमधून येणारी गळती, असली मंडळी धार देतात. निव्वळ अर्थमधला फरक बहुतेक मऊ असतो.

मंद्रसप्तक

धार आहे! नुसती घूं नाही, घूंर्रर आहे.

आता बाकीची तपासणी. आरसीए परत लावली आणि एव्हीआरच्या मागून एकेक गोष्ट काढत गेलो.

सेट-टॉप बॉक्सची केबलवाल्याची वायर काढली: घूं किंचित बदलली, गेली नाही.
ती परत लावून पीसीची एचडीएमआय काढली: तेच.
दोन्ही एकदम काढल्या: पूर्ण शांत.

म्हणजे दोन लूप आहेत का? दोन्हींना आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन धातूची जोडणी तोडणारी डबी) घ्यावा लागेल?

ध्वनिवेडा

आयसोलेटर वगैरे सोडा. चांगली पॉवर केबल आणि एक पॉवर कंडिशनर घ्या. माझ्या सिस्टिमला कंडिशनर लावल्यापासून पार्श्वभूमी काळीभोर झाली आहे.

कातळशिल्प

ध्वनिवेडा, तुम्हाला फायदा झाला असेल, कारण बरेच कंडिशनर सगळ्या उपकरणांना एकाच पट्टीवर आणतात आणि त्याने अर्थमधला फरक मिटतो. पण ते काम चांगल्या प्रतीचा साधा एक्स्टेन्शन बोर्डही करतो. इथे घूं आरसीएच्या जाळीतून येते आहे. सबची पॉवर केबल कितीही जाड घेतली तरी जाळीतला करंट तसाच राहील.

मंद्रसप्तक, तुमचा निकाल मला खटकतोय. दोन लूप असते तर एक काढल्यावर ठळक फरक पडायला हवा होता. तुमच्याकडे दोन्हींपैकी कुठलीही एक वाट उघडी असली तरी घूं जवळजवळ सारखीच राहते. याचा अर्थ करंट सबकडून येतोय आणि अर्थपर्यंत पोचायला त्याला कुठलीही एक वाट पुरते.

मल्टिमीटर आहे का? नसेल तर कोणाकडून तरी आणा, हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. आरसीए सबकडून काढा. बाकी सगळं जोडलेलं आणि चालू. मीटर एसी ७५० व्होल्टवर. एक टोक सबच्या आरसीए सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला, दुसरं काढलेल्या केबलच्या बाहेरच्या कड्याला. बोटं धातूला लावू नका, चप्पल घाला, एक हात पाठीशी ठेवा.

साधा लूप असेल तर एक-दोन व्होल्टच्या आत दिसेल.

झांज

तोवर एक अनुभव. मी नाटकं आणि भजनांच्या कार्यक्रमांना ध्वनिव्यवस्था करतो. देवळाच्या सभामंडपात मिक्सर एका टोकाला, अँप्लिफायर दुसऱ्या टोकाला, वीज दोन वेगळ्या मीटरांवरून. घूं ठरलेली. आम्ही डीआय बॉक्स वापरतो, सिग्नलच्या वाटेत लावायची डबी. त्यावर 'ग्राउंड लिफ्ट' असं बटण असतं. ते सिग्नलची जाळी तोडतं, विजेची अर्थ नाही. हा फरक लक्षात घ्या. नाव सारखं असल्यामुळे काही नवीन पोरं अर्थची पिनच काढून मोकळी होतात आणि त्याला ग्राउंड लिफ्ट म्हणतात. गिटार वाजवणाऱ्याचे ओठ माइकला लागले आणि हात तारांवर असले की काय होतं ते ज्याने पाहिलं आहे, तो पुन्हा असं करत नाही.

व्यावसायिक सामानात तीन पिनचा बॅलन्स्ड सिग्नल असतो. त्यात परतीची वाट जाळीतून नसते, म्हणून शंभर मीटर केबल टाकली तरी निभावतं. घरगुती आरसीएला ती सोय नाही.

मंद्रसप्तक

कातळशिल्प, मोजलं. ९८ व्होल्ट. वाचन हलतंय, पण नव्वदच्या खाली येत नाही.

मीटर खराब असेल म्हणून सॉकेटवर तपासलं, तिथे २३४ बरोबर दाखवतो.

आणि हे लिहिताना आई म्हणाली, 'त्या काळ्या डब्याच्या मागे फडका मारताना हाताला मुंग्या येतात, मी तुला सांगणारच होते.'

कातळशिल्प

सब आत्ता बंद करा आणि प्लग काढून ठेवा. आईंना सांगा, हात लावू नका.

तुमच्या सोफ्यामागच्या सॉकेटला अर्थ पोचतच नाही.

कसं ते सांगतो. सबच्या पॉवर सप्लायमध्ये वीज आत येते तिथे फिल्टर असतो. त्यात फेजकडून पत्र्याला एक लहान कपॅसिटर आणि न्यूट्रलकडून पत्र्याला एक. अर्थ जोडलेली असेल तर त्यांची थोडीशी गळती अर्थमधून निघून जाते. अर्थ तुटलेली असेल तर पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मध्ये लटकतो, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर. मीटर स्वतः थोडा करंट खातो म्हणून तुम्हाला ९८ दिसले. गळती मिलिअँपिअरच्याही खाली असते, त्यामुळे धक्का बसत नाही, मुंग्या येतात. पण त्या मुंग्या सांगतायत की या डब्यामागे संरक्षण नाही. उद्या आतलं इन्सुलेशन गेलं तर तोच पत्रा २३० वर जाईल.

आरसीए लावली की त्या गळतीला जायला एकच वाट मिळते, तुमच्या केबलची जाळी. आठ मीटर, बहुधा पातळ. तिथून एव्हीआर, तिथून पीसीची अर्थ किंवा केबलवाल्याची जाळी. म्हणून दोन्ही काढल्याशिवाय शांत होत नव्हतं. आणि फिल्टरमधून येणारी म्हणून तिला धार होती, जुना_रेडिओ यांनी म्हटलं तशी.

जागा बदलल्यावर का सुरू झालं तेही कळलं. टीव्हीच्या बोर्डाला अर्थ आहे, सोफ्यामागे नाही.

शुभ्रकमळ

आणि चक्रीवादळ, तुमच्या घरी अडॅप्टर लावलेला सब याच अवस्थेत आहे. आज मीटर लावून बघा.

चक्रीवादळ

बघतो. मला वाटलं नव्हतं की शंभर व्होल्ट असतील.

जुना_रेडिओ

वायरमन बोलवाल तेव्हा त्याने टेस्टर लावून 'अर्थ ओके' म्हटलं तर ऐकू नका. निऑन टेस्टर फेज दाखवतो, अर्थ दाखवत नाही. जुनी रीत उत्तम: साठ वॅटचा फिलामेंटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावायचा. भगभगीत पेटला तर अर्थ आहे. आरसीसीबी असेल तर बल्ब लागताच तो पडेल, आणि पडायलाच हवा. हे वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः करू नका.

आणखी एक डोळ्यांत तेल घालून बघा. काही लोक अर्थ नसली की सॉकेटच्या आतच न्यूट्रलला अर्थ जोडून देतात. मीटरवर सगळं झकास दिसतं. पण न्यूट्रल कुठे सुटला की सगळे पत्रे जिवंत.

कातळशिल्प

काकांनी फार महत्त्वाचं सांगितलं. ते ओळखायची खूण: त्याच बोर्डावर इस्त्री चालू करा आणि न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज बघा. खरी अर्थ असेल तर इस्त्रीच्या लोडने न्यूट्रलवर थोडं व्होल्टेज पडतं आणि वाचन वर सरकतं, एखादा व्होल्ट. आतच जोडलेलं असेल तर वाचन शून्यावर चिकटून राहतं.

आमच्याकडे कोकणात जांभा आहे. पावसाळ्यात अर्थिंग छान, एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडला की रेझिस्टन्स चढतो. जुनी माणसं अर्थच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतायची ते याचसाठी. देशावर खाली बसॉल्टचा कातळ लागला तर इलेक्ट्रोड खोल जातच नाही, दोन-तीन वेगवेगळ्या जागी घालून जोडावे लागतात. नवीन सोसायट्यांतही अर्थचा खड्डा फुटपाथच्या फरशीखाली गाडून टाकतात आणि मग वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. सोसायटीच्या सभेत रंगाच्या छटेवर तासभर चर्चा होते, अर्थिंग तपासणीचा विषय कोणी काढत नाही. काढा. तो सगळ्यांच्या गीझरचा प्रश्न आहे.

मांडवीतीर

पणजीहून. आमच्या बिल्डिंगमध्ये हा विषय मी सभेत मांडणार आहे, तुमचं वाचून. समुद्राच्या हवेत क्लॅम्प गंजतात, इथे तर जास्तच गरज आहे.

माझा प्रश्न थोडा वेगळा. माझ्याकडे केबल नाही, गच्चीवर डिश आहे. डिशची वायर काढली की सबची घूं जाते. बाजारात मिळणारा केबलचा आयसोलेटर लावला तर चित्रच गेलं.

झांज

जाणारच. डिशच्या तोंडाशी जो एलएनबी असतो त्याला वीज त्याच वायरमधून बॉक्सकडून जाते, १३ किंवा १८ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर ती वीज अडवतो. तुम्ही आवाजाची बाजू तोडा. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने फक्त टीव्हीला जोडा, आणि टीव्हीकडून एव्हीआरला ऑप्टिकल केबल. त्या केबलमधून नुसता प्रकाश जातो, धातू नाही, म्हणून लूपच होत नाही. मात्र टीव्ही आणि एव्हीआरमध्ये दुसरी एचडीएमआय राहिली तर उपयोग नाही, ती काढा.

गच्चीवरच्या डिशचा खांब इमारतीच्या अर्थला नीट जोडलेला आहे ना, तेही पाहा. आपल्याकडे वळवाच्या विजा थट्टा करत नाहीत.

ध्वनिवेडा

आणि वाय-फाय राउटरची लॅन केबल एव्हीआरला असेल तर? तिच्यातूनही लूप होतो का?

झांज

साध्या लॅन केबलला दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असतात, तिथे धातूने जोडणी होत नाही. शील्डवाली, धातूच्या टोपीची लॅन केबल असेल तर मात्र जाळी जोडली जाते. घरात साधी वापरा.

मंद्रसप्तक

अहवाल देतो.

वायरमन आला. सोफ्यामागचा बोर्ड उघडला. हिरवी वायर पाइपातून आलेली होती, पण तिचं टोक गुंडाळून मागे कोंबलेलं. सॉकेटच्या अर्थच्या स्क्रूला काहीच नाही. बिल्डरच्या माणसांनी तसंच झाकण लावून दिलेलं. वायर शाबूत होती, तिथे जोडली. बल्ब लावला, आरसीसीबी पडला. मग इस्त्रीची कसोटीही केली, वाचन वर सरकलं. मग हट्टाने घरातली बाकीची सॉकेटंही उघडायला लावली. स्वयंपाकघरात मिक्सरच्या सॉकेटचीही तीच कथा निघाली! तिथे रोज ओल्या हातांनी काम होतं.

आता सबच्या पत्र्याला मुंग्या नाहीत. आईने स्वतः फडका मारून बघितलं, बोटाच्या मागच्या बाजूने आधी.

घूंर्रर गेली. पण गंमत अशी की आता एक नवीन, मऊ घूं आहे. धार नाही. पेटीवर लावून बघितली, खालची पांढरी पाच. पीसी काढला तर काही फरक नाही. केबलवाल्याची वायर काढली की एकदम शांत.

कातळशिल्प

हे ऐकून फार बरं वाटलं, विशेषतः मिक्सरचं.

आता उरलाय तो खरा ग्राउंड लूप. आधी सबला अर्थच नव्हती म्हणून तो होऊच शकत नव्हता. केबलवाल्याची जाळी रस्त्याभर फिरून, कुठल्यातरी लांबच्या अर्थला टेकून येते. तुमच्या घरच्या अर्थपेक्षा ती वेगळी असणारच. पीसी आणि सब एकाच घरच्या अर्थवर आहेत, म्हणून पीसी काढून फरक पडत नाही.

तुमची केबल आहे, डिश नाही, म्हणून इथे आयसोलेटर चालेल. बॉक्सच्या आधी, वायरवरच लावायचा.

हडसनकाठ

त्याऐवजी आरसीएच्या मध्ये लावायचा ऑडिओ आयसोलेटर नाही का चालणार? इथे गाड्यांच्या ऑडिओसाठी छोटे डबीसारखे मिळतात, स्वस्त असतात.

जुना_रेडिओ

सबसाठी ते छोटे नकोत. आतल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा इवलासा असतो. फ्रीक्वेन्सी जितकी खाली, तितका गाभ्यावर ताण जास्त. तीस-चाळीस हर्ट्झला तो भरून जातो आणि बेस चेपतो, विकृत होतो. घूं जाते आणि तिच्याबरोबर पखवाजाचा धुमाही जातो. आरसीएत आयसोलेटर लावायचाच असेल तर वीस हर्ट्झपर्यंत सपाट असलेला मोठ्या गाभ्याचा घ्या, तो महाग असतो. मंद्रसप्तक यांना गरज नाही, त्यांचा चोर केबलच्या वायरमध्ये सापडलाय.

चक्रीवादळ

मोजलं. माझ्याकडे १०४ निघाले. अडॅप्टर कचऱ्यात टाकला. घूं परत आली आहे, अर्थातच. माझ्याकडे केबलही नाही, डिशही नाही. फक्त पीसी आणि सब, दोन वेगळ्या खोल्यांच्या बोर्डांवर. आता काय करू?

कातळशिल्प

छान केलंत. तुमचा मार्ग सगळ्यात सोपा. पीसी, एव्हीआर आणि सब एकाच बोर्डावरून चालवा, अर्थ असलेल्या जाड वायरच्या एक्स्टेन्शनने. हे तिन्ही मिळून सहा अँपिअरच्या आत आरामात बसतात. तिघांची अर्थ एकाच ठिकाणी आली की त्यांच्यात फरक जवळजवळ राहत नाही. फक्त त्याच पट्टीवर हीटर किंवा इस्त्री लावू नका.

चक्रीवादळ

वायर खोलीच्या दारातून न्यावी लागेल. वायरलेस किट कसं?

झांज

चालतं. धातूची जोडणीच राहत नाही, घूं जाते. फक्त सिग्नल थोडा उशिरा पोचतो. एव्हीआरमध्ये सबचं अंतर वाढवून ते भरून काढा. एक मिलिसेकंद म्हणजे साधारण चौतीस सेंटिमीटर. किटचा उशीर पंधरा मिलिसेकंद असेल तर खऱ्या अंतरात पाच मीटर मिळवा. एव्हीआर तेवढं अंतर घेतो का, ते आधी मेनूत तपासा.

निळीशाई

उशिरा येतेय धाग्यावर. माझ्या सबची आरसीए काढली तरी घूं तशीच आहे. फोनवर १०० चा खांब स्पष्ट दिसतो. सब बारा-तेरा वर्षांचा आहे.

जुना_रेडिओ

तुमचं दुखणं आतलं आहे. पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर वाळलेत. आपल्या हवेत, त्यातून सब सोफ्यामागे गरम हवेत कोंडलेला असला की ते लवकर जातात. डोकं फुगलेलं किंवा तळाशी डाग दिसतो, कधी काहीच दिसत नाही. जुन्या प्लेट अँपमध्ये, म्हणजे सबच्या मागच्या पत्र्यावरच्या अँप्लिफायरमध्ये, कपॅसिटर जागेवर राहावेत म्हणून लावलेला पिवळट गोंदही काळवंडून करंट वाहायला लागतो, तो खरवडून काढावा लागतो.

स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्या कपॅसिटरमध्ये भार राहतो. जाणकाराकडे द्या. पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग मिळतात. दुरुस्ती करणाऱ्याला सांगा, १०५ अंशांचे टाक, ८५ चे नको, आणि व्होल्टेज मूळच्यापेक्षा कमी नको.

निळीशाई

खूप आभार काका. मी टाकूनच देणार होते.

मंद्रसप्तक

आयसोलेटर आणला, बॉक्सच्या आधी लावला. चॅनेल सगळे दिसतात. घूं गेली. सबचा ऑटो मोडही आता झोपतो.

अगदी शंकूला कान टेकला तर बारीक सुस्कारा ऐकू येतो. बसायच्या जागेवरून नाही. तो घालवायचा प्रयत्न करू का?

झांज

सबच्या मागचा गेन, म्हणजे आवाज वाढवायचा खटका, किती आहे? आणि एव्हीआरमध्ये सबची पातळी?

मंद्रसप्तक

गेन जवळपास पूर्ण. एव्हीआरमध्ये उणे अकरा.

झांज

मग तोच. एव्हीआर सिग्नल दाबून पाठवतोय आणि सब तो ओढून मोठा करतोय, त्याच्याबरोबर सगळा कचराही. गेन अर्ध्यावर आणा आणि एव्हीआरची आपोआप मोजणी पुन्हा चालवा. एव्हीआरचा आकडा शून्याच्या जवळपास आला की पुरे.

मंद्रसप्तक

गेन अर्ध्याच्या थोडा खाली, एव्हीआर उणे दोन. कान टेकला तरी आता काही नाही. आज रात्री मारवा लावतोय. उद्या सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्थिंग तपासणीचं पत्र देतोय, मजकूर इथेच टाकतो, कातळशिल्प, एकदा नजर घाला.

कातळशिल्प

टाका. त्यात खड्ड्याचा रेझिस्टन्स मोजून लेखी द्यावा, हे वाक्य नक्की घाला. नुसतं 'तपासलं' असं लिहून देतात.